बिल भुलीचं, दुखणं दाताचं

रात्रीचे साडेनऊ. ताटात वरणभात कालवलेला, त्यावर तूप, आणि समोर एकतीस वर्षांचा मुलगा तोंड गच्च मिटून बसलेला. परवापर्यंत हाच भात तो दोनदा मागून घ्यायचा. आई घास पुढे करते, तो मान फिरवतो. वडील आधी समजावतात, मग आवाज चढवतात. तिसऱ्या दिवशी तो आपल्याच उजव्या गालावर मुठी मारून घ्यायला लागतो. हट्टीपणा वाढलाय, असं घरात सगळ्यांचं मत पडतं. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली जाते, रात्रीची गोळी अर्ध्याची एक होते. आठवड्याने गाल सुजून डोळ्यापर्यंत येतो, तेव्हा लक्षात येतं की खालची दाढ आतून पोखरली होती.

हे घर ठाण्यातलं असू शकतं, सांगलीतलं, वर्ध्यातलं किंवा मडगावातलं. बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या ज्या माणसाला 'दुखतंय' हा शब्द उच्चारता येत नाही, त्याचं दुखणं घरचे आणि डॉक्टर दोघंही आधी वागणुकीच्या खात्यात टाकतात. जेवण सोडणं, एकाच बाजूने चावणं, हात सारखा तोंडात घालणं, रात्री ओरडून उठणं, स्वतःला मारून घेणं, यातलं काहीही अचानक सुरू झालं तर पहिली शंका दाताची घ्यावी, हे प्रत्येक पालकाला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, त्यातल्या सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. त्यातली लहान मुलं कधीच मोठी झाली आहेत आणि त्यांचे आईवडील म्हातारे.

मग दवाखाना. खुर्ची मागे झुकते, दिवा डोळ्यांवर येतो, कुणीतरी अनोळखी माणूस हातमोजे घालून जवळ येतो. मुलगा उसळतो. आरसा तोंडात जायच्या आधी दात मिटतात, डॉक्टरांचं बोट मध्ये सापडतं. चांगला डॉक्टर तिथेच थांबतो आणि खरं ते सांगतो: "हे जागेपणी होणार नाही. पूर्ण भूल द्यावी लागेल."

या एका वाक्याने खर्चाची जात बदलते. शहरातल्या साध्या खासगी दवाखान्यात सिमेंट भरायला एक-दोन हजार, दाढेच्या रूट कॅनॉलला चार ते आठ हजार आणि वर कॅपचे वेगळे, असा हिशोब असतो. मध्यमवर्गीय घर कुरकुरत का होईना, तो भागवतं. पूर्ण भूल म्हटली की ऑपरेशन थिएटरचं भाडं, भूलतज्ज्ञांची फी, आधीच्या रक्ततपासण्या, ईसीजी, छातीचा एक्सरे, हृदयाची शंका असेल तर टूडी इको, दिवसभराची खोली, हे सगळं दातामागे येऊन उभं राहतं. आकडा तीस हजारांच्या पुढे सरकतो आणि मोठ्या रुग्णालयात लाखाला भिडतो. दोन हजारांचं सिमेंट त्या बिलात शोधावं लागतं.

अपंगत्व असलेल्या प्रौढ मुलाच्या दातांचा खर्च कसा भागवायचा, या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. बिलातला मोठा वाटा भुलीचा असतो, आणि पैसे देणाऱ्या सगळ्या यंत्रणा बिलावर 'दात' हा शब्द वाचून फाइल बाजूला ठेवतात. ही गाठ ज्या घराला वेळेवर दिसते, त्याला अर्ध्या वाटा सापडतात.

आधी हे तोंड इतकं बिघडतं का, ते पाहायला हवं, कारण त्यात निष्काळजीपणाचा वाटा लोक समजतात त्याहून फार कमी असतो. फिट्स येणाऱ्या अनेकांना फेनिटोइन दिलं जातं. या औषधाने हिरड्या वाढतात, कधी इतक्या की दात अर्धे झाकले जातात, आणि वाढलेल्या हिरडीखाली ब्रश पोचत नाही. बरीच औषधं वर्षानुवर्षं गोड सिरपच्या रूपात दिली जातात, तीही झोपताना, म्हणजे साखर रात्रभर दातांवर. मन शांत ठेवणाऱ्या कित्येक गोळ्यांनी लाळ कमी होते, आणि लाळ हीच दातांची रोजची धुलाई असते. सेरेब्रल पाल्सीत जीभ आणि गालाचे स्नायू घास नीट फिरवू शकत नाहीत. दूधपोळी, केळं, मऊ खिचडी, चहात बुडवलेलं बिस्किट, असं सगळं मऊ खाणं गालाच्या खोबणीत तासन्‌तास बसून राहतं. दात करकरा खाण्याची सवय असेल तर वरचं कवच झिजतं. डाऊन सिंड्रोममध्ये हिरड्यांचा आजार लवकर आणि जोरात येतो. कीड नसताना, पांढरे स्वच्छ दात ऐन तिशीत हलायला लागतात. शिवाय डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या व्यक्तींच्या हृदयात जन्मतः दोष असतो. काही प्रकारच्या दोषांत हिरडीतून रक्तात गेलेले जंतू हृदयाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचण्याचा धोका असतो, म्हणून दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो. 'दातच तर आहे' असं म्हणायची सोय या माणसांना नाही.

आणि यांच्यासाठी दंतवैद्य कोण? भारतात दंतशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नऊ शाखा आहेत. विशेष गरजा असलेल्या रुग्णांचं शिक्षण मुख्यतः बालदंतचिकित्सेच्या शाखेत मिळतं. त्यामुळे दाढी आलेला, टक्कल पडू लागलेला माणूस भिंतीवर ससे आणि अस्वलं रंगवलेल्या दवाखान्यात बसलेला दिसतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठी बहुतेक वेळा तीच जागा सर्वांत योग्य असते. धीर धरायचं, आधी दाखवून मग करायचं, दहा मिनिटांच्या भेटीत फक्त खुर्चीत बसवून घरी पाठवायचं कौशल्य याच डॉक्टरांनी कमावलेलं असतं. ब्रिटनमध्ये अशा प्रौढ रुग्णांसाठीची स्वतंत्र शाखा २००८ मध्ये मान्य झाली. आपल्याकडे ती व्हायला हवी, आणि लवकर व्हायला हवी.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात तरी हे सुटलंय का? राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी बौद्धिक अक्षमता घेऊन जगली. १९४१ मध्ये मेंदूवर झालेल्या शस्त्रक्रियेनंतर तिची अवस्था आणखी खालावली आणि पुढचं आयुष्य तिने संस्थेतच काढलं. तिच्या दातांवर मॅसॅच्युसेट्सचे बालदंतचिकित्सक स्टीव्हन पर्लमन यांनी उपचार केले. रोझमेरीची बहीण युनिस केनेडी श्रायव्हर यांनी स्पेशल ऑलिंपिक्स उभं केलं होतं, आणि १९९३ मध्ये त्यांच्या पाठिंब्याने पर्लमन यांनी खेळाडूंच्या दंततपासणीचा 'स्पेशल स्माइल्स' हा उपक्रम सुरू केला. धावायला, पोहायला आलेले खेळाडू कुणालाही न सांगता दुखरे दात घेऊन मैदानात उतरत होते. पैशांच्या बाबतीत तिथेही वयाची भिंत आहे. मेडिकेड या सरकारी योजनेत एकवीस वर्षांखालच्या मुलांना दंतोपचार देणं राज्यांवर बंधनकारक आहे. त्यानंतर ते राज्याच्या मर्जीवर. काही राज्यं जवळपास सगळं देतात, काही फक्त ठणकणारा दात काढून देतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांत असं मूल असेल तर त्यांना राज्य बदलताना नोकरीच्या आधी हे पाहावं लागतं.

इथेही वयाची भिंत आहे, फक्त ती वेगळ्या जागी आहे. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये 'अवलंबून असलेलं मूल' साधारण पंचविशीपर्यंत धरतात. सव्विसाव्या वाढदिवसाला नाव यादीतून जातं आणि घराला ते कळतं पुढच्या क्लेमच्या वेळी. मात्र प्रत्येक यंत्रणेचा नियम असाच नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएसमध्ये कायमचं अपंगत्व असलेल्या, अवलंबून मुलाला वयाची अट लागत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेतही अपंगत्वामुळे पूर्णपणे पालकाच्या कमाईवर अवलंबून असलेलं मूल, ती अवस्था आहे तोवर, कुटुंबात मोजलं जातं. म्हणजे कारखान्यात २१ हजारांच्या आत पगार असलेल्या कामगाराचा चाळिशीतला मुलगाही ईएसआयसीच्या रुग्णालयात हक्काने जाऊ शकतो. कित्येक कामगारांनी मुलगा अठराचा झाल्यावर कार्डावरचं नाव तसंच सुटू दिलेलं असतं. खासगी कंपनीतल्या पालकाने एचआरला लेखी विचारावं: दिव्यांग मुलासाठी वयाची सवलत पॉलिसीत आहे का, नसेल तर पुढच्या नूतनीकरणात घालता येईल का? काही कंपन्यांच्या पॉलिसीत ती असते, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

यानंतर नाव येतं 'निरामय'चं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठीची ही आरोग्य विमा योजना. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि आधीपासूनच्या आजाराचं कारण सांगून नाकारणं नाही. नोंदणीला दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला २५० रुपये, इतरांना ५००. नूतनीकरण ५० आणि २५० रुपयांत. नोंदणी न्यासाशी जोडलेल्या स्वयंसेवी संस्थांमार्फत होते, उपचार कोणत्याही रुग्णालयात घेता येतात आणि पैसे बिलं पाठवल्यावर परत मिळतात. विशेष म्हणजे या योजनेत दातांच्या प्रतिबंधक उपचारांसाठी वेगळा रकाना आहे. त्याची मर्यादा लहान, काही हजारांचीच. पण दात साफ करून घेणं, फ्लोराइड लावून घेणं त्यात बसतं. दरवर्षी हा रकाना कोरा सोडणारी घरं पाहिली की वाईट वाटतं. दोन गोष्टी विसरू नयेत. पॉलिसीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, मग नोंदणी कोणत्याही महिन्यातली असो. आणि उपचारानंतर ३० दिवसांत कागद गेले नाहीत तर पैसे अडकतात. मूळ बिल, केसपेपर, डॉक्टरांच्या सहीशिक्क्याची चिठ्ठी, बँक पासबुकाची प्रत, सगळं त्याच संध्याकाळी एका पाकिटात घालून ठेवावं.

आता बाजारातला आरोग्य विमा. बहुतेक पॉलिसींत दंतोपचार वगळलेले असतात, अपघाताने झालेले सोडून. पण प्रत्येक पॉलिसीची वाक्यरचना सारखी नसते आणि इथे एकेका शब्दाला पैशांचं वजन आहे. विमा नियामकाने एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना विकायला लावलेली 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी घ्या. तिच्यात आजार किंवा इजा यांमुळे आवश्यक ठरलेले दंतोपचार संरक्षणात धरले आहेत. दुसरीकडे डे केअर उपचारांच्या व्याख्येत एक मेख आहे: पूर्ण किंवा स्थानिक भूल देऊन चोवीस तासांच्या आत होणारे उपचार त्यात बसतात, पण जे उपचार एरवी ओपीडीत होतात ते बसत नाहीत. कंपनीचा माणूस म्हणणार की दाढ काढणं तर ओपीडीतलं काम. बरोबर आहे, खुर्चीत शांत बसणाऱ्या माणसासाठी. या माणसासाठी ते ओपीडीतलं काम नाही, कधीच नव्हतं. हा मुद्दा पालकाने फोनवर भांडून सांगायचा नसतो. तो डॉक्टरांनी भरतीच्या आधी केसपेपरवर लिहायचा असतो. रुग्णाला कोणतं अपंगत्व आहे, जागेपणी उपचाराचा प्रयत्न कोणत्या तारखांना केला आणि का थांबवावा लागला, जंतुसंसर्ग कुठवर पसरला आहे, भूल न देता उपचार केल्यास काय धोका आहे. या चार-पाच ओळी नसतील तर क्लेम 'दंतोपचार' म्हणून परत येतो. असतील तर निदान लढायला जागा राहते. कंपनीने तरीही नाकारलं तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत, वकील लागत नाही आणि फीही नाही.

मुळात पॉलिसी मिळायलाच वर्षानुवर्षं अडचण होती. अपंगत्वाचा दाखला पाहून अर्ज परत करणं सर्रास चालायचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये नियामकाने प्रत्येक सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपनीला दिव्यांगांसाठी पॉलिसी उपलब्ध ठेवणं बंधनकारक केलं. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ मात्र तीन वर्षांपर्यंत असू शकतो. म्हणून दाढ ठणकायच्या आधी, मूल ठणठणीत असताना पॉलिसी घेऊन ठेवण्याला अर्थ आहे.

ज्यांच्याकडे विमा नाही, त्यांच्यासाठी सरकारी योजना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा राज्याने २०२३ मध्ये कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाखांवर नेली, पण उपचारांची यादी शस्त्रक्रियांच्या अंगाने बनलेली आहे. जबड्याचं फ्रॅक्चर, जबड्यातली गाठ अशा कामांना तिथे जागा आहे. साधं सिमेंट, रूट कॅनॉल किंवा दात साफ करणं नाही. आयुष्मान भारतचंही तसंच. म्हणजे दात इतका सडू द्यायचा की पू जबड्यात उतरेल, आणि मग योजना दार उघडणार. आरोग्याची ही रचना चुकीची आहे, आणि तिचा सर्वांत मोठा फटका ज्याला सांगता येत नाही त्याला बसतो.

यापेक्षा जवळची वाट अनेक घरांना माहीत नसते: धर्मादाय रुग्णालय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना, यांनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर पहिल्या गटात, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुसऱ्या. या खाटांचा खर्च निघतो रुग्णालयाच्याच बिलांतून बाजूला काढलेल्या दोन टक्क्यांच्या निधीतून. शहरातली अनेक नामांकित, काचेच्या दारांची रुग्णालयं या यादीत आहेत. ही तरतूद दाखल झालेल्या रुग्णासाठी असल्याने भुलीखालच्या दंतोपचारालाच ती नेमकी उपयोगी पडते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) घेऊन ॲडमिशन काउंटरकडे न जाता आधी वैद्यकीय समाजसेवकाच्या टेबलाशी जावं, तेही तारीख ठरायच्या आधी. डिस्चार्जच्या दिवशी सवलत मागणाऱ्याला बहुधा 'आता उशीर झाला' एवढंच ऐकायला मिळतं.

दंत महाविद्यालयं ही दुसरी मोठी जागा. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय. शुल्क नाममात्र, काम पदव्युत्तर विद्यार्थी करतात आणि शेजारी शिक्षक उभे असतात. अडचण पैशांची नसते, रांगेची असते. स्वमग्न माणसाला दोन तास गर्दीत बसवणं म्हणजे तपासणी सुरू व्हायच्या आधीच दिवस हातातून घालवणं. इथे २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा खिशात असावा. त्याच्या २५व्या कलमात दिव्यांगांना तपासणीत आणि उपचारांत प्राधान्य देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. केसपेपर काढतानाच कार्ड दाखवून हे शांतपणे सांगावं. शक्य असेल तर आदल्या दिवशी जाऊन विभागातल्या सिस्टरना भेटून यावं. सकाळची पहिली वेळ मिळाली तर निम्मी लढाई जिंकली.

भुलीची तारीख ठरते तेव्हा आणखी एक कागद पुढे येतो, संमतीपत्र. मूल अठराचं झालं की कायद्याच्या लेखी ते सज्ञान, आणि आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बहुतेक रुग्णालयं आईची सही घेतात आणि पुढे जातात. कधीतरी एखादं रुग्णालय पालकत्वाचा आदेश मागतं आणि ऐन वेळी तारीख जाते. राष्ट्रीय न्यास कायद्याच्या १४व्या कलमाखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. कोर्टात जावं लागत नाही. मूल अठराचं होताच हे काम करून टाकावं. बँकेपासून पेन्शनपर्यंत तोच कागद पुढे लागतो.

आणि जेव्हा भूल द्यायचीच, तेव्हा एका भुलीत शक्य ते सगळं करून घ्यायचं. हा पैसे वाचवण्याचा सर्वांत मोठा मार्ग आहे. सगळ्या दातांचे एक्सरे, साफसफाई, भरायचे ते दात, काढायचे ते दात. घरच्यांच्या संमतीने त्याच झोपेत रक्ताचे नमुने, कानातला मळ, नखं, एरवी हात लावू न देणारी प्रत्येक गोष्ट. रूट कॅनॉल करून कॅप बसवायची की दाढ काढून मोकळं व्हायचं, हा निर्णयही इथे वेगळा ठरतो, कारण कॅपसाठी पुन्हा भूल लागणार असेल तर दाढ वाचवण्याची किंमत दुप्पट होते. तरीही समोरचे दात सरसकट काढून टाकायला पालकांनी सहज हो म्हणू नये. या माणसालाही चावून खायचं असतं, हसायचं असतं. डाऊन सिंड्रोम असेल तर मानेच्या वरच्या मणक्यांचा सैलपणा भूलतज्ज्ञांच्या कानावर आधीच घालावा. उपाशीपोटी राहण्याचे सहा तास हे आईच्या दृष्टीने सर्वांत अवघड. सकाळी सहाला चहा न मिळालेला मुलगा घर डोक्यावर घेतो. म्हणून पहिला नंबर मागायचा.

कर वाचतो तोही पैसा या खर्चात धरायला हवा. आयकर कायद्यातली एक तरतूद (१९६१च्या कायद्यात कलम ८० डीडी) दिव्यांग मुलाला सांभाळणाऱ्या पालकाला ४० टक्क्यांपासूनच्या अपंगत्वासाठी ७५ हजारांची आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर सव्वा लाखाची वजावट देते. खर्च नेमका किती झाला, याच्याशी रकमेचा संबंध नाही. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या पगारदाराचे ७५ हजारांवर उपकरासह १५,६०० रुपये वाचतात. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, त्यामुळे नव्या प्रणालीवर डोळे झाकून टिक करण्याआधी दोन्ही हिशोब कागदावर मांडावेत. वाचलेले पैसे घरखर्चात विरघळू न देता मुलाच्या नावाच्या वेगळ्या खात्यात टाकणारी घरं आहेत. संजय गांधी निराधार योजनेचं दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० रुपये झालं. ज्या गरीब घरात ते येतं तिथे त्यातले महिन्याला दोनशे जरी दातांसाठी बाजूला पडले तर वर्षाची साफसफाई निघते.

कारण भूल टाळणं हीच यातली मोठी बचत. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत तीन साध्या गोष्टी घेतल्या: फ्लोराइडची टूथपेस्ट, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायमिन फ्लोराइड. यातलं तिसरं या घरांसाठी फार मोलाचं. किडलेल्या जागेवर त्याचा थेंब ब्रशने टेकवला की कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, आवाज नाही, काम मिनिटाभराचं. जपानमध्ये ते १९७० पासून वापरात आहे आणि भारतातही मिळतं. किडलेला भाग काळा पडतो, एवढी त्याची किंमत. मागच्या दाढेवरचा काळा डाग कुणाला दिसतो? ग्लास आयोनोमर सिमेंट भरायलाही ड्रिल लागतंच असं नाही. ऐंशीच्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या भागात काम करताना हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून सिमेंट भरण्याची पद्धत विकसित झाली. ड्रिलच्या आवाजाने कान झाकून घेणाऱ्या माणसासाठी ती आज डोंबिवलीतही तितकीच कामाची आहे. डॉक्टरांनी स्वतःहून सुचवलं नाही तर पालकांनी विचारावं.

बाकी सगळं रोजच्या मोरीत घडतं. मुलगा प्लॅस्टिकच्या खुर्चीत आरशासमोर, गळ्याभोवती जुना टॉवेल. आई त्याच्या मागे उभी, त्याचं डोकं आपल्या छातीशी टेकवलेलं, डाव्या हाताने हनुवटी धरलेली. समोरून ब्रश नेला तर तो चावतो; मागून नेला तर स्वतःचे दात घासताना हाताचं जे वळण असतं तेच मिळतं, आणि त्याला डोक्यामागे आधार मिळतो. दातांत एक जाड दांड्याचा जुना ब्रश चावायला दिलेला, म्हणजे तोंड उघडं राहतं आणि दुसऱ्या ब्रशने आतली बाजू घासता येते. जो स्वतः घासू शकतो पण ज्याच्या मुठीत पकड नाही, त्याच्या ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या हँडलचं रबरी कव्हर चढवायचं. पेस्ट वाटाण्याएवढी. थुंकता येत नसेल तर त्याहून कमी, आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. दर भागाला दहापर्यंत मोठ्याने मोजायचं, रोज त्याच क्रमाने. दहा आले की हात थांबणार, हे त्याला कळलं की तो थांबतो. रात्रीचं सिरप घासण्याच्या आधी, नंतर नाही. आणि डॉक्टरांना विचारून तेच औषध गोळीत किंवा बिनसाखरेचं मिळतं का ते पाहायचं.

प्रश्न उरतो तो आईच्या हातांचा. तिचे खांदे साठीनंतर दुखायला लागतात. ८० डीडीमध्येच अशीही तरतूद आहे की पालकाने मुलासाठी विमा योजनेत पैसे भरावेत आणि त्याच्या पश्चात मुलाला रक्कम मिळत राहावी. आईवडील हयात असताना पैसे मिळाले तर वजावट रद्द व्हायची. एका पालकाने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि न्यायालयाने २०१९ मध्ये सरकारला फेरविचार करायला सुचवलं. २०२२ मध्ये कायदा बदलला. आता पालकाची साठी झाल्यावर आणि हप्ते थांबल्यावर ही रक्कम हयातीतच सुरू होऊ शकते. पैशांची वाट अशी थोडी मोकळी झाली. ब्रश कोण धरणार, ते घरातच ठरवावं लागतं.

म्हणून काही घरांत एक जाड वही असते. पहिल्या पानावर यूडीआयडीचा आणि निरामयचा नंबर. मग दातांचा नकाशा: कोणता भरलाय, कोणता काढलाय, कोणत्यावर काळं औषध लावलंय आणि कधी. भूल कोणती दिली होती, शुद्धीवर यायला किती वेळ लागला. कोणत्या डॉक्टरांचा हात तो चालू देतो. पेस्ट पुदिन्याची चालत नाही, बडीशेपेची चालते. मोजायचं ते मराठीत, इंग्रजीत मोजलं तर तो चिडतो. रविवारी रात्री धाकटी बहीण येते तेव्हा आई खुर्चीमागून बाजूला होते, तिला त्या जागी उभी करते आणि तिच्या हातावर हात ठेवून पहिले दहा स्वतः मोजते. पुढचे दहा बहीण मोजते. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये पुढच्या तपासणीच्या तारखेभोवती लाल गोल आहे, आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय: सकाळी पहिला नंबर.